लायल आणि टॅकेट

८ डिसेंबर

फिजिओवाल्या मॅडमनी हुकूम सोडलाय की पेशंटचं रोज काय हललं, काय नाही, ते कुणीतरी लिहून ठेवा. कुंदावहिनींना सकाळपासून त्याला उठवणं, पुसणं, भरवणं यातून मान वर करायला फुरसत नाही, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. डायरी एका पंप कंपनीनं दुकानाला दिलेली, काही वर्षांपूर्वीची. छापलेले वार आता जुळत नाहीत. न जुळोत, आमचं तरी कुठं काय जुळतंय.

मॅडम वाचतील म्हणून नीट लिहितो. पेशंट संतोष, राहणार कुंभिवली. दिवाळीच्या तोंडावर अर्धांगाचा झटका. उजवा हात, उजवा पाय गेला. बोलणं गेलं. 'तू', 'बरं' आणि 'आयला' एवढेच शब्द उरलेत. लिहिणारा मुनाफ, खालापूरला मोटारी भरतो, म्हणजे पंपाच्या, पंख्याच्या जळक्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. पेशंटचा कोण? मित्र. एवढंच लिहितो, नाहीतर डायरी पुरायची नाही.

आज हललेलं: काही नाही.

११ डिसेंबर

हललेलं: डाव्या हातानं माशी मारली. मॅडम म्हणाल्या, डावा हात चांगलाच आहे, तो लिहायचा नाही. म्हणजे काही नाही.

दुकान बंद करून गिटार घेऊन गेलो. त्याची गिटार भिंतीला टांगलेली असते, तिला मी हात लावत नाही. माझी वेगळी. नेहमीसारखा खाटेशेजारी बसलो आणि माझी बाजू वाजवली. माझी बाजू म्हणजे अंगठा. जाड तारा, खालचा सूर, एक-दोन, एक-दोन. वरची बाजू त्याची, बोटांची, पातळ तारांची. ती बोटं चादरीखाली पडली आहेत. कसं वाटतं सांगू? मांडव घातलाय आणि लग्नच नाही. तरी मी 'मालगाडी' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मध्ये एके ठिकाणी टॅकेट एकटाच वाजवतो आणि लायल गप्प बसतो, तिथं मीही गप्प बसलो. खोलीत कुणीच वाजवत नव्हतं. संतोष छताकडं बघत होता. मग म्हणाला, "आयला."

१५ डिसेंबर

मॅडमनी मागचं पान वाचून विचारलं, हा लायल कोण आणि टॅकेट कोण? बरं, लिहितो.

माझा मोठा भाऊ बोटीवर होता. एका खेपेला त्यानं कुठल्याशा अमेरिकन बंदरातून एक गिटार आणि एक कॅसेट आणली. कॅसेटवर फोटो नाही, चित्र नाही, नुसती इंग्रजी अक्षरं: लायल टॅकेट. तेव्हा मी आणि संतोष एकाच बेंजो पार्टीत होतो. तो बेंजो वाजवायचा, आणि असा वाजवायचा की वरातीतला नवरा घोड्यावरून वळून बघायचा. मी खुळखुळा. हसायचं तर हसून घ्या, पण खुळखुळा चुकला की आख्खी वरात लंगडते.

कॅसेट लावली आणि आम्ही दोघं येडेच झालो. ढोल नाही, ताशा नाही, कुणी गात नाही. खाली एक गिटार चालत राहते, न थांबता, न घाई करता, आणि वर दुसरी तिच्या अंगाखांद्यावर खेळते. शोध मी लावला. म्हटलं, अरे ही जोडी आहे. आपल्याकडं शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी असतात ना, तसे हे लायल-टॅकेट. खालचा लायल, वरचा टॅकेट. संतोष बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आसंल. मग तू लायल, मी टॅकेट."

तेव्हापासून हीच आमची नावं. मी अंगठा धरला, त्यानं बोटं. तो कारखान्यातून सुटला की मी कुंभिवलीला जायचो, नाहीतर तो दुकानात यायचा. गाण्यांची इंग्रजी नावं आम्हाला झेपेनात, म्हणून आमची ठेवली. 'मालगाडी'. मग 'कशेळ्याची जीप', टपापर्यंत माणसं भरलेली, प्रत्येक वळणाला वाटतं आता उलटणार आणि उलटत नाही. 'तीन पायांची', कारण तिचा ताल तिनाचा, बाई लंगडत लंगडत नाचते. आणि 'पडवी', ती सगळ्यांत संथ. कामं संपल्यावर माणूस पडवीत नुसता बसून असतो, तसली. तिच्या शेवटी खुर्ची करकरते आणि कुणीतरी श्वास सोडतो, तेही कॅसेटीत आलंय. मी एकदा म्हटलं, माणसं दोन आणि खुर्ची एकच कशी करकरते रे? संतोष म्हणाला, "दुसरा उभा आसंल." त्याचं डोकं असं चालायचं, झटक्यात.

हललेलं: काही नाही.

२७ डिसेंबर

हललेलं: उजव्या पायाचा अंगठा, म्हणे. वहिनींनी पाहिला. मी तासभर बघत बसलो, काही नाही. पण वहिनींना खोटं कसं पाडायचं, लिहिला.

बुधाजी भेटायला आला होता. कर्जतकडच्या रिसॉर्टवर वेटर आहे. संतोष दर शनिवारी तिथं गिटार वाजवायला जायचा. मी कधी गेलो नाही. "तिकडं दारू चालती, तू कशाला?" असं संतोषच म्हणायचा. माझ्या नमाजाची त्याला माझ्यापेक्षा जास्त काळजी. बुधाजी खाटेच्या पायथ्याशी बसून सांगत होता की संतोषदादा एकटाच बसायचा, पण आवाज असा की गिऱ्हाईक दुसरा कुठं बसलाय ते मागं वाकून वाकून शोधायचं. संतोष डाव्या हातानं त्याला थांब थांब करत होता. थकला असेल.

मला मात्र ते लागलं. हल्ली मागचा ताल वाजवणारं मशीन मिळतं, बटण दाबलं की झालं. म्हणजे शनिवारी माझ्या जागेवर मशीन होतं तर. इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलला नाही. येताना स्कूटरवर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत आलो. मग वाटलं, जाऊ दे, पोटासाठी माणूस काय काय करतो. आणि भांडायचं तरी कुणाशी, 'बरं' म्हणेल आणि छताकडं बघेल.

४ जानेवारी

माझी मुलगी सिद्रा कर्जतला कॉलेजात आहे. दुपारी डबा घेऊन दुकानात आली तेव्हा मी कॅसेट लावून बसलो होतो. म्हणाली, अब्बा, ही केवढी घासलीय, मोबाइलवर चांगली मिळेल की. मी म्हटलं, नाही मिळत. मी संतोषला कितीदा सांगितलं होतं शोध म्हणून, दरवेळी तो म्हणायचा, लय जुनं हाय रं, नाय सापडत. तिनं नाव टाकलं आणि मी डब्याचं झाकण उघडेपर्यंत सापडलंसुद्धा. संतोषला मोबाइल कधी धड जमलाच नाही.

काळापांढरा व्हिडिओ. हॅट घातलेला एक माणूस खुर्चीवर बसलाय. किडकिडीत, मोठाले कान, सुतारकाम करणारा वाटावा असा. 'मालगाडी' सुरू झाली. मी वाट बघतोय की कॅमेरा आता दुसऱ्यावर जाईल. जाईना. म्हटलं, दुसरा बाजूला असेल. सिद्रानं आणखी एक व्हिडिओ लावला, मग आणखी एक. सगळीकडं तोच. मग कॅमेरा त्याच्या हाताजवळ गेला. अंगठा जाड तारांवर, एक-दोन, एक-दोन, माझा, अगदी माझा. आणि त्याच हाताची दोन बोटं पातळ तारांवर, संतोषची.

"दुसरा कुठाय गं?"

"अब्बा, एकच आहे. लायल नाव, टॅकेट आडनाव."

तिला घरी पाठवलं. डबा तसाच राहिला. मोटार भरायला घेतली होती, तिचे वेढे कुठं होते तेच विसरलो, सगळी तार परत उलगडावी लागली.

आज कुंभिवलीला गेलो नाही. ताप आहे असं वहिनींना कळवलं.

९ जानेवारी

मॅडमना आता वेगळा कागद देतो. ही डायरी माझी झाली.

राग नेमका कुणाचा आलाय हे ठरत नाही. त्या लायल टॅकेटचा आला, मेलेल्या माणसाचा. कॅसेटवर एक फोटो छापायला काय धाड भरली होती? माझाही आला. आख्खा जन्म मला वाटत होतं की आपल्याला एक वाद्य येतं. येतं काय, तर एका माणसाचा अंगठा.

पण राग परवडला. मला भीती वाटते. संतोष रोज सकाळी डोळे उघडतो ते कशाच्या जोरावर? मॅडम म्हणतात, औषधापेक्षा पेशंटची उमेद महत्त्वाची. त्याची उमेद काय आहे हे मला माहीत आहे. मी रोज त्याच्या शेजारी बसून अर्धंच वाजवतो आणि उरलेलं अर्धं त्याच्यासाठी मोकळं ठेवतो. लायलला टॅकेट लागतो. त्याच्यावाचून माझं अडलंय हे त्याला दिसतं. उद्या त्याला कळलं की दोन्ही बाजू एका माणसाच्या एका हातात मावतात, दुसऱ्याची गरजच नाही, तर तो कशासाठी बरा होईल?

नाही कळू द्यायचं. सिद्राकडून कबूल करून घेतलं. संतोषच्या मोबाइलवरचं नेट बंद करायला वहिनींना सांगितलं, म्हटलं, डोळ्यांना त्रास होतो त्याच्या. माझ्या पोटात काही राहत नाही असं रहिमा, आमची बायको, चारचौघांत सांगते. यावेळी राहील.

१७ जानेवारी

जुम्म्याचा नमाज पढून आलो, शटर अर्धं खाली ओढलं आणि सिद्रानं मोबाइलात भरून दिलेलं सगळं ऐकलं. आमच्या कॅसेटीत नसलेलंही पुष्कळ आहे.

इतकी वर्षं मी लायलला ऐकत होतो आणि संतोष टॅकेटला. एक माणूस म्हणून आज पहिल्यांदा ऐकलं. 'कशेळ्याची जीप'मध्ये एके ठिकाणी वरचा सूर जरासा मागं राहतो. आम्हाला वाटायचं, टॅकेट चुकला आणि लायलनं सांभाळून घेतलं. संतोष तिथं मुद्दाम मागं राहायचा, मी सांभाळून घ्यायचो आणि दरवेळी आम्ही दोघं हसायचो. आज कळलं, कुणीच कुणाला सांभाळत नव्हतं. त्यानंच स्वतःला थांबवलं आणि स्वतःच स्वतःला गाठलं. अंगठा ढळत नाही, तसूभर नाही, आणि बोटं मात्र पाहिजे तिथं फिरून येतात. एकाच देहात इतका शिस्तीचा आणि इतका उनाड माणूस राहतो कसा?

'पडवी'त तर तो एक सूर सोडूनच देतो. आपण वाट बघतो, आता येईल, आता येईल. येत नाही. खाली अंगठा चालूच, घरातलं माणूस गेलं तरी चूल पेटवावीच लागते तसा. जमत असून वाजवत नाही हा माणूस, म्हणूनच मोठा. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं, कौतुकाचंच होतं. आणि हे सांगायचं कुणाला? ज्याला कळेल असा दुनियेत एकच आहे, आणि त्यालाच सांगायचं नाही.

१८ जानेवारी

हाताला गप्प बसवेना. दुकानात, शटर अर्धं खाली. अंगठा चालू ठेवला आणि पहिल्या बोटानं एक सूर घेतला. अंगठा थांबला. पुन्हा केलं. पुन्हा थांबला. या वयात दोन हुकूम एका हाताला कळत नाहीत.

२६ जानेवारी

सकाळी शाळेतल्या झेंडावंदनाची गाणी संतोषच्या खिडकीतून ऐकू येत होती. मॅडम येऊन गेल्या. मी विचारलं, हात येईल का? त्या म्हणाल्या, प्रयत्न चालू ठेवू. हे उत्तर मला चांगलं ओळखीचं आहे. गिऱ्हाइकाची मोटार पार जळलेली असते तेव्हा मीही हेच सांगतो.

वहिनी दारात वाल सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमी खालचंच का वाजवता ओ मुनाफभाई? हे घरात एकटे आसले की कसं समदं वाजवायचे, त्या कॅसेटीवानी." वहिनी मनानं सोनं आहेत, पण सुराच्या बाबतीत कुकरची शिट्टी आणि टॅकेट त्यांना सारखेच. त्याची एकट्याची बाजू ऐकून त्यांना पुरी कॅसेट ऐकल्यासारखं वाटायचं, यातच संतोषचं मोठेपण आलं. मी म्हटलं, त्याची बाजू मला येत नाही वहिनी, म्हणून खालचंच.

संतोष ऐकत होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

८ फेब्रुवारी

आली. 'तीन पायांची' आली. पुरी नाही, पहिला तुकडा, पण आली. अंगठा आपला चालला होता आणि बोटं त्याच्यावर चालली, कुणी कुणाला अडवलं नाही. दोन्ही मीच. उजव्या हाताची नखं वाढवलीत, त्यांनी सूर साफ निघतो, हे मी व्हिडिओत त्याच्या हाताकडं बघून शिकलो.

पाच मिनिटं आनंद झाला. मग एवढं वाईट वाटलं की गिटार कोपऱ्यात उलटी करून ठेवली. तो तिकडं मुतायला उठू शकत नाही आणि मी इकडं त्याची बोटं चोरून वाजवतोय. तरी उद्या परत वाजवणार आहे, हेही खरं. सुटत नाही.

१६ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं.

मी नेहमीसारखा बसलो आणि 'मालगाडी'चा अंगठा सुरू केला. संतोषचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. त्यानं डाव्या हातानं माझा उजवा हात धरून ओढला, ताकद आहे अजून. नखांवरून बोट फिरवलं. एकेक नख नीट पाहिलं. मग माझं पहिलं बोट धरलं आणि म्हणाला, "तू." मधलं बोट धरलं, "तू." मग अंगठा, "तू." पुन्हा पहिलं बोट. "तू, तू, तू." डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग त्यानं माझं बोट ओढत नेऊन गिटारीच्या पातळ तारेवर ठेवलं आणि दाबून धरलं.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "हे तुझं काम हाय, टॅकेट. तू बरा हो, मग बघू."

"आयला," म्हणाला तो. शिवी दिल्यासारखं नाही, कळवळून. आणि परत माझ्या बोटाकडं हात नेला. मी गिटार पिशवीत घातली. नखं दुकानात मोटारीतल्या वार्निशच्या पट्ट्या ओढायला ठेवलीत, असं काहीतरी बरळलो आणि निघालो.

त्याला संशय आलाय. जाब विचारत होता मला. तू? माझी बोटं तू घेतलीस? त्या 'तू'चा दुसरा काय अर्थ होणार?

१७ फेब्रुवारी

नखं कापली. नुसती कापली नाहीत, कानशीनं घासून पार मांसापर्यंत नेली. सिद्राला सांगितलं की मोबाइलातलं ते सगळं काढून टाक. ती वाद घालायला लागली तेव्हा तिच्यावर ओरडलो. ओरडायला नको होतं.

संध्याकाळी संतोषच्या डोळ्यांसमोर हात धरला. "बघ, काय नाय. तुझ्याशिवाय आपलं काय वाजत नाय." त्यानं हात पाहिला. पालथा केला, उलथा केला, बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग हात सोडला आणि मोठ्या कष्टानं, अख्खं अंग ओढत, भिंतीकडं तोंड केलं.

पटलं असावं.

२५ फेब्रुवारी

गिटार पिशवीतून काढायला गेलो की डाव्या हातानं नको म्हणतो. तोंडानं नाही, हातानं. व्यायामही करेना. मॅडम हात उचलून धरतात, सोडला की पडतो, तो बघतही नाही. मॅडम म्हणाल्या, अशा आजारात उदासी येते, गोळी वाढवून देतील. वहिनी म्हणतात, परवापरवापर्यंत तुमच्या स्कूटरचा आवाज आला की दाराकडं बघायचे, आता नाय बघत.

मला काही समजत नाही. ज्यासाठी हे सगळं केलं तेच हातातून निसटतंय. नखं एकदा पाहिली, ते त्याच्या मनातून गेलं नसेल. माणसाचं मन एकदा विटलं की विटलं.

५ मार्च

रोजे चालू झालेत. रोजा सोडायच्या आधी त्याच्याकडं जाऊन बसतो. गिटार नेत नाही. वहिनींनी माझ्यासाठी खजूर आणून ठेवलाय, मी नको म्हटलं तरी वाटीत काढून देतात. संतोष जेवणाला तोंड उघडत नाही. आज मी भरवलं, दोन घास घेतले आणि तिसरा ओठातून सोडून दिला. मी पुसलं. पुसताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. इतका दमलेला माणूस मी पाहिलेला नाही. म्हणाला, "बरं." कशाला बरं, अल्ला जाणे.

मला त्याला सांगावंसं वाटलं. किती मोठा माणूस आहे लायल टॅकेट, तो सूर कसा सोडून देतो, जीप कशी उलटू देत नाही, सगळं. शब्द दातापर्यंत आले होते. गिळले.

१४ मार्च

धुळवड. रस्त्यात पोरं रंग घेऊन उभी होती, मला भाई म्हणून सोडलं. कुंभिवलीला पोचलो तर दारात रिक्षा. पहाटेपासून शुद्ध नाही. दवाखान्यात नेलं, दुसरा झटका आहे म्हणाले, मोठ्या जागी न्या, पण उपयोग होईल असं सांगत नाही. वहिनींनी विचारलं, ह्यांना घरी नेलं तर? डॉक्टरनं सुटीचा कागद लिहून दिला. घरी आणलं.

१८ मार्च

सकाळी संतोष गेला.

२२ मार्च

मसणवटीपर्यंत त्याच्या भावकीनं मलाही खांदा देऊ दिला. रोजा होता, ऊन होतं, काही जाणवलं नाही. लोक बेंजोच्या गोष्टी काढत होते. कुणीतरी म्हणालं, याच्यासारखा दुसरा झाला नाही. मी म्हटलं, बेंजोचं सोडा, गिटारीवरची त्याची बोटं तुम्ही ऐकलीच नाहीत. तिथंच रडलो, सगळ्यांसमोर.

आज वहिनींनी त्याची गिटार मला देऊन टाकली. घरात बघवत नाही म्हणाल्या. मी दुकानात टांगली. माझ्या गिटारीच्या पातळ तारा उतरवून टाकल्या. आता त्या कुणी वाजवायच्या नाहीत, उगाच गंज धरून बसतील. सिद्रा बघत होती. म्हणाली, अब्बा, आता तरी पुरं वाजवा, तुम्हाला येत होतं, मी शटरबाहेरून ऐकलंय. मी म्हटलं, नाही. आता वाजवलं तर तेव्हा लपवलं कशाला?

या तीन-चार महिन्यांत माझ्या हाताला काही लागलं नाही. तो बरा झाला नाही, शेवटी मला ऐकेनासाही झाला, आणि पुढच्या सगळ्या संध्याकाळी कुठं जायचं हे मला माहीत नाही. एवढंच समाधान की तो टॅकेट म्हणूनच गेला. आपल्यावाचून मुनाफचं अडतं, हे मनात धरून गेला. माझ्यासारख्या तोंडाळ माणसानं एवढी मोठी गोष्ट त्याच्यापासून शेवटपर्यंत लपवली, यावर रहिमाचासुद्धा विश्वास बसत नाही. संतोषला हे कधीच जमलं नसतं. तो माझ्यापासून काही लपवूच शकायचा नाही.